‘हाड नाही’ म्हणाले तर

सुमे, दातांच्या इम्प्लांटसाठी डॉक्टर ‘हाड नाही’ म्हणाले म्हणून रडत बसू नकोस. मलाही तेच म्हणाले होते. दात जाऊन २० वर्षं, वरून कवळीचा दाब, त्याआधीची मिश्री. हाड राहणार कुठून? दात गेला की त्याखालचं हाड झिजतच जातं. चटणीतला एक तीळ कवळीखाली गेला तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

साध्या एक्स-रेवर होकार देऊ नकोस. सीबीसीटी स्कॅन कर, हाडाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये कळते. हाडाची पूड भरायची म्हणाले तर कित्येक महिने थांबणं आलं. ती पूड पुष्कळदा गाईच्या हाडापासून केलेली असते. तू माळकरी, म्हणून आधीच विचार. दुसऱ्या प्रकारचीही मिळते. वरच्या जबड्यात काहीच उरलं नसेल तर थेट गालाच्या हाडात स्क्रू बसवतात, तीन ते पाच सेंटिमीटर लांब. ऐकूनच धस्स होतं. ते काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा आणि आजवर किती केले, ते तोंडावर विचार. चपला घेताना दहा प्रश्न विचारतेस की!

खाली मात्र हट्ट नको. पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी, एवढ्यावर माझं भागलं.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून तुला वर्षातून एकदा इंजेक्शन देतात ना? ते आधी सांग. ‘कंबरेच्या इंजेक्शनचा आणि दाताचा काय संबंध’ म्हणून मी गप्प राहिले आणि बोलणी खाल्ली. त्या औषधानं कधीकधी जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. पण आपल्या मनानं बंदही करू नकोस. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट सोबत ने. आणि मिश्रीची डबी चुलीत घाल. ‘थोडीशीच लावते’ हे मला सांगू नकोस, मीही तेच म्हणायचे.

वर सायनसपाशी काम झालं तर डॉक्टर सांगतील तोवर नाक शिंकरायचं नाही; शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून दे. दात लगेच लावून दिले तरी भाकरीवर तुटून पडू नकोस, गुरगुट्या भातच बरा. इम्प्लांटच्या टायटॅनियमला हाड सावकाश धरतं. पण धरलं की धरलं: स्वीडनमध्ये १९६५ साली ज्याला पहिल्यांदा बसवले, त्याला ते मरेपर्यंत पुरले.

निघताना इम्प्लांटचं कार्ड मागून घे, कंपनी आणि माप लिहिलेलं. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेव. उद्या लेकीकडे गेलीस आणि स्क्रू ढिला झाला, तर तिथला डॉक्टर पहिलं तेच मागेल.