द्वेषावाचून बंड

बंड म्हटले की आपणांस द्वेष आठवतो. परंतु सत्यासाठी केलेले बंड द्वेषावाचूनही होऊ शकते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरातच उपोषण आरंभिले. विठ्ठलावरील भक्तीनेच ते रूढीविरुद्ध उभे राहिले आणि त्याचे क्लेश त्यांनी आपल्याच देहावर घेतले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर उपोषण सुटले. बाहेर ठेवलेल्यांस न्याय मिळाला. बाहेर ठेवणारे अन्यायाच्या पापातून सुटले. स्वातंत्र्य असे दोघांचेही असते. आपल्या मंदिराच्या पंगतीत आजही कोणी संकोचून दूर बसतो काय? हे आपण प्रथम पाहावे, आणि मगच देवापुढे हात जोडावेत.