लंगडणाऱ्या भारद्वाजाला काय हवं असतं?

भारद्वाज दिसणं शुभ मानणाऱ्या घराला लंगडा भारद्वाज बघवत नाही. पुण्यात आमच्या परसात संक्रांतीनंतर जो येऊ लागला, तो डावा पाय उचलून धरत मेंदीच्या कुंपणाकडेने फिरायचा. सल्ले लगेच सुरू झाले: टॉवेल टाकून धरा, हळद-तेल लावा, चोचीत पाणी सोडा. सगळे मायेपोटीच सांगत होते, पण यातलं काहीही त्या पक्ष्याच्या हिताचं नव्हतं.

कारण तो उडत होता.

भारद्वाज उडण्यात कच्चा, चालण्यात पक्का. गोगलगायी, टोळ, सरडे तो जमिनीवर हिंडून टिपतो, म्हणून दुखरा पाय त्याला बुलबुलापेक्षा जड जातो. तरीही हा पक्षी शेवग्यावर झेप घेत होता, दोन्ही पंख सारखे मिटत होता, पाचोळा उलथून खात होता. अशा पक्ष्यामागे कापड घेऊन धावलं तर तो जिवाच्या आकांताने पळतो आणि दुखऱ्या पायावरच आदळतो. पकडल्याच्या धसक्यानेही पक्षी मरतात.

मात्र आधी एक गोष्ट पाहायलाच हवी: पायात मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर लोंबकळताना दिसतोच. बोटांभोवती दोरा आवळलेला असेल तर थांबण्यात पाय जातो. दुर्बिणीतून नीट पाहिलं; या पायाला दोरा नव्हता, रक्त नव्हतं.

मग काम उरलं ते बागेचं. झाडलोट थांबवली, कारण पाचोळ्यातच त्याचं जेवण होतं. उंदरांचं आणि गोगलगायींचं विष उचललं. विष खाल्लेलं भक्ष्य भारद्वाजाच्याही पोटात जातं. शेजारच्या मांजराला सकाळ-संध्याकाळ घरात ठेवण्याची विनंती केली. उथळ ताटलीत पाणी ठेवलं, तेही मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी. पाय आधी नुसता टेकू लागला, मग त्यावर भार येऊ लागला, पुढे लंगड शोधावी लागेल इतकी कमी झाली.

पक्ष्यांची हाडं माणसापेक्षा लवकर, बऱ्याचदा 3 आठवड्यांच्या आसपास जुळतात. पण हाच वेग पंखाच्या बाबतीत घात करतो. मोडलेला पंख वेळीच बसवला नाही तर तो वाकडा जुळतो आणि पक्षी कायमचा जमिनीवर येतो. म्हणून लोंबणारा पंख दिसला की वाट पाहायची नाही. मांजराने धरलेल्या पक्ष्याचंही तेच: जखम टाचणीएवढी दिसली तरी मांजराच्या लाळेतले जिवाणू दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतात, त्याला औषध लागतंच. पिसं फुगवून, डोळे मिटून एकाच जागी बसलेला पक्षीही धोक्यात असतो. पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतात.

स्वयंपाकघरातले उपाय मात्र कोणत्याही पक्ष्यावर करू नयेत. तेलाने पिसं चिकटतात, मग थंडी आणि पाणी अडत नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. चोचीत सोडलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं.

उचलणं भागच असेल तर पक्ष्यावर हलकं सुती कापड टाकावं आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवावं. आत दाणापाणी नको, मुलांना दाखवणंही नको. वनविभागाचा 1926 हा क्रमांक फिरवावा. पुण्यात बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रं आहेत. बरा होईपर्यंत घरीच ठेवू, हा विचार कितीही मायेचा असला तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो बसत नाही. खोकं त्याच दिवशी जाणकारांच्या हाती द्यावं आणि पक्षी नेमका कुठे सापडला ते लिहून द्यावं, म्हणजे बरा झाल्यावर त्याला त्याच्याच हद्दीत सोडता येतं.