ओट्यासाठी सनमायका की दगड?

झाशीचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये ज्या टेकडीवर बांधला, ती ग्रॅनाइटची आहे. साऱ्या बुंदेलखंडाखाली हाच सुमारे अडीच अब्ज वर्षांचा पाषाण पसरलेला आहे. अशा गावात ओट्यासाठी कागदाचा पत्रा निवडणे काहीसे विनोदी वाटेल. तथापि मॉड्युलर स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक हाती आले की हा प्रश्न उभा राहतोच.

लॅमिनेट, अर्थात बोलीतील सनमायका, हा खरोखरच कागद असतो. फिनॉलिक राळेत भिजवलेले तपकिरी कागद व त्यांवर मेलामाइन राळेतील नक्षीचा कागद, असे थर उष्णता आणि प्रचंड दाब देऊन एकजीव केले जातात. अमेरिकेत १९१३ मध्ये स्थापन झालेल्या फॉर्मायका कंपनीचे हे द्रव्य आरंभी विद्युतरोधक अभ्रकाला पर्याय म्हणून वापरले जाई. ‘फॉर मायका’ हे त्या नावाचे मूळ होय. स्वयंपाकघरात ते पुढे आले.

त्याचा पृष्ठभाग सहसा दगा देत नाही. दगा देतात त्या कडा, सांधे आणि सिंकसाठी कापलेले भोक. तेथून पाणी शिरले की खालचे प्लायवूड फुगते. झाशीची हवा या दोषाला साथच देते. मे-जूनच्या लूमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो, लाकूड सुकून आकसते. लगेच पावसाळ्यात ते ओल शोषून घेते. या ओढाताणीत सांध्यांचा चिकटा सैल पडतो. दुसरा शत्रू फोडणीची कढई. आचेवरून उतरवून ती थेट ओट्यावर टेकवल्यास पत्र्याला फुगवटा येतो आणि तो पुन्हा बसत नाही.

म्हणून शेगडी व सिंक यांभोवती ग्रॅनाइट, आणि मिक्सर, डबे, पोळपाट यांच्या कोरड्या भागावर तसेच कपाटांच्या दारांवर लॅमिनेट, ही विभागणी येथे अधिक शहाणपणाची. संपूर्ण ओटा लॅमिनेटचाच हवा असल्यास प्लायवूडवर आय. एस. ७१० हा शिक्का पाहावा. त्या मानकात उकळत्या पाण्यात ७२ तासांची कसोटी असते. पत्र्यासाठीचे मानक आय. एस. २०४६. रंग मंद पोताचा घ्यावा, कारण गडद चकचकीत पत्र्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो. सिंकच्या भोकाची कापलेली कड बसवण्यापूर्वीच जलरोधक लेपाने बंद करून घ्यावी. (रंग निवडण्यात कुटुंबाची दुपार जाते, प्लायवूड मात्र सुतारावर सोपवले जाते!)

घरदुरुस्तीसाठी कर्ज घेताना अंदाजपत्रकात केवळ ‘ओटा, एक नग’ असे न लिहिता प्लायवूडचा दर्जा, पत्र्याची जाडी व कडांचे काम स्वतंत्र नोंदवून घ्यावे. फुगलेला ओटा तिसऱ्या पावसाळ्यात काढावा लागला, तरी त्याचे हप्ते ठरलेल्या मुदतीपर्यंत भरावेच लागतात.