काट्यापाशी उभा राहा

बाबू, पक्षाचं काम करतो म्हणतोस, तर आधी गळ्यातला गमछा घडी करून पिशवीत ठेव. आपल्या जैनथ गावच्या माणसाला त्याचा रंग लांबूनच दिसतो, मग तो तुला आवडेल तेच बोलतो.

2023 च्या डिसेंबरात हैदराबादेत काँग्रेसचं सरकार आलं, पण आपल्या आदिलाबादेत आमदार भाजपचा झाला, 2024 ला खासदारही. गरिबांचे म्हणवणाऱ्या पक्षांना गरिबांनीच का सोडलं? देवाधर्माच्या नावाने भुलले, असं चुकूनही म्हणू नकोस. जैनथच्या देवळात लक्ष्मीनारायणाला हात जोडणारी बाई मजुरीचा हिशेब पैशापैशाने ठेवते. तिला भोळी समजलास की तुझं मत तिथंच गेलं.

कापसाच्या दिवसांत आदिलाबादच्या यार्डात पहाटे जा. गाड्यांची रांग, कापसात मुरलेलं दव. ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात तेव्हा शेतकऱ्याचा जीव त्या आकड्यात असतो. सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, पूर्ण हमीभाव 8 टक्के ओलाव्यापर्यंतच. पुढे दर टक्क्याला कपात, आणि 12 च्या वर गेला की खरेदीच नाही. 2025-26 ला लांब धाग्याचा भाव क्विंटलला 8110, म्हणजे टक्क्यामागे 81 रुपये गेले. गाडी परत फिरली की व्यापारी देईल तो भाव. त्या यंत्रापाशी उभा राहा. भाषण नको. आकडा मोठ्याने वाच, शंका वाटली तर पुन्हा मोजायला लाव. कापूस उन्हात वाळवून आणायचं वेचणीआधीच घरोघर सांगून ठेव. आता ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते, साध्या फोनवाल्यांची तू करून दे. बदल्यात चहासुद्धा घेऊ नकोस.

मक्त्याने शेती करणाऱ्याच्या घरी मुद्दाम जा. 2018 ला शेतकऱ्यांसाठी रयतु बंधू योजना आली, पैसे जमिनीच्या पट्टा पासबुकवाल्यालाच मिळाले. घाम गाळणारा कोरडाच राहिला. सरकारच्या यादीत तो नव्हता, म्हणून आपल्या कार्यकर्त्यांच्या वहीतही नव्हता. ही चूक मला अजून सलते. तुझ्या वहीचं पहिलं पान त्याचं. नाव, काम, तारीख लिही. काम झालं नाही तर तेही त्याच्या दारात जाऊन सांग. ‘बघतो’ म्हणून महिना काढू नकोस.

बायांची बैठक बोलावू नकोस, दिवसभर वाकून त्यांची कंबर धरलेली असते. संध्याकाळी शेतात वेचलेला कापूस काट्यावर चढतो, किलोवर मजुरी ठरते, तिथं जाऊन बस. काट्याकडे बघ आणि ऐक.

पत्रक वरून तेलुगूत येतं. आपल्या म्हातारीसाठी मराठीत चार ओळी लिहून ने. कोलाम आदिवासींच्या गुड्यावर जाशील तर त्यांच्यातलाच माणूस सोबत घे, आणि आधी त्याला बोलू दे.

आणि हरलास तर दुसऱ्या दिवशी तोंड लपवू नकोस. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्षाचे, अकरा वेळा आमदार झाले, एसटीने फिरले. लोक अकरा मोजतात. मी 1972 आणि 1995 मोजतो. दोन्ही वेळा ते पडले, आणि दोन्ही वेळा पुढे त्याच सांगोल्याने त्यांना परत निवडून दिलं.

यार्डात जाशील तेव्हा मफलर घे, पहाटे गार असतं. पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या ठेव, रांगेत कुणाला तरी लागतातच.