मिशिगन सरोवरात पोहायला निघालेल्या भाचीस

प्रिय चिऊ,


हाइड पार्कच्या टोकावरच्या खडकांवरून तू सरोवरात उडी मारायचा बेत करते आहेस, असं ताईकडून कळलं. ती घाबरली आहे. मला मात्र आनंद झाला. टिळक टँकमध्ये वाढलेल्या मुलीने एवढं पाणी दाराशी असताना काठावर बसून राहावं, असं मला कधीच वाटणार नाही. माझी उमेदीची वर्षं शिकागोत गेली आणि त्या शहराने जे जे दिलं त्यात ते पाणी मी सगळ्यात वर ठेवते. तेव्हा नको म्हणायला हे पत्र नाही. कुठे उतरायचं, केव्हा उतरायचं आणि कोणत्या दिवशी मुळीच उतरायचं नाही, ते फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

त्याला लेक म्हणतात म्हणून फसू नकोस. मिशिगन सरोवर जवळजवळ 500 किलोमीटर लांब आहे, सगळ्यात खोल जागी 281 मीटर खोल आहे, आणि शिकागो त्याच्या पार दक्षिणेकडच्या टोकाशी वसलं आहे. उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा सुटला की त्याला लाटा उठवायला सगळी लांबी मोकळी मिळते आणि त्या तुझ्या काठावर येऊन फुटतात. मालवणला चिवल्याच्या समुद्रात तू पोहली आहेस, पण तो अनुभव इथे जसाच्या तसा चालणार नाही. गोडं पाणी खाऱ्या पाण्याइतकं अंग उचलून धरत नाही. शिवाय सरोवराच्या लाटा आखूड असतात, एकीमागून दुसरी चार-पाच सेकंदांत येते. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय नसेल तर आधी तलावातच ती कर, म्हणजे लाटेच्या उलट बाजूला तोंड वळवता येईल.

सुरुवात ओहायो स्ट्रीट बीचवर कर. हाइड पार्कहून 6 नंबरची बस डाउनटाउनला जाते, तिथून पुढे चालत. नेव्ही पियरच्या बाजूलाच, पाणी शुद्ध करण्याच्या मोठ्या केंद्राच्या आडोशाला तो छोटासा वाळूचा किनारा आहे. शिकागोचे बहुतेक किनारे पूर्वेला तोंड करून आहेत, हा मात्र उत्तरेला. त्यामुळे वाळूतून पाण्यात शिरलीस की थेट खोल पाण्याकडे जावं लागत नाही. डाव्या हाताला काँक्रीटचा धक्का ठेवून ओक स्ट्रीटच्या दिशेने सुमारे अर्धा मैल, म्हणजे 800 मीटर, काठाला समांतर पोहता येतं. ट्रायथलॉनची तयारी करणारे सगळे तिथेच दिसतील. धक्क्यावरून लोक चालत असतात, म्हणजे न पोहणारी मैत्रीणही तुझ्या बरोबरीने वरून चालू शकते. मला ही जागा आवडते ती याचसाठी. धक्क्याला शिड्या आहेत. पहिल्या दिवशी पोहूच नकोस. नुसती वरून चालत जा आणि कुठल्या शिडीपासून पुढची शिडी किती लांब आहे ते डोळ्यांत साठवून घे. बाहेर यायची जागा ठाऊक नसताना आत जायचं नाही, एवढं एक जरी माझं ऐकलंस तरी मला पुरे आहे.

एक मात्र ध्यानात ठेव. तो धक्का उभा आहे. वाळूवर लाट पसरून विरते, तशी ती उभ्या भिंतीवर विरत नाही, आपटून परत फिरते. येणाऱ्या आणि फिरलेल्या लाटा एकमेकींवर चढल्या की भिंतीजवळचं पाणी खदखदायला लागतं. उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी हीच सोयीची जागा सगळ्यात वाईट होते, आणि अशा पाण्यात शिडी पकडायला जाणं म्हणजे लोखंडावर डोकं आपटून घेणं. तेव्हा त्या दिवशी पोहायचं नाही.

आता तू उडी मारायला निघालीस तो पॉइंट. प्रॉमंटरी पॉइंट मलाही फार प्रिय आहे. अल्फ्रेड कॉल्डवेल या उद्यानरचनाकाराची ती बाग, तिच्याभोवती चुनखडीच्या मोठमोठ्या दगडांच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. त्या दगडांच्या जागी काँक्रीट येऊ नये म्हणून तिथले रहिवासी वर्षानुवर्षं भांडले. पण चिऊ, त्या दगडांवरून सूर मारायचा नाही. पायऱ्यांचे निखळलेले दगड पाण्याखाली इतस्ततः पडले आहेत. क्वागा नावाच्या छोट्या शिंपल्यांनी सरोवराचं पाणी गाळून इतकं नितळ केलं आहे की तळ आहे त्याहून जवळ दिसतो, आणि एखाद्या दगडाचं अंतर डोळ्याला कळतच नाही. त्या शिंपल्यांच्या कडांनी तळपाय कापतात. वरच्या दगडांवर शेवाळ. उतरताना सोपं वाटतं, पण लाट वाढल्यावर त्याच पायऱ्यांवर परत चढता येत नाही. तुला तिथलंच पाणी हवं असेल तर लगेच दक्षिणेला 57 व्या स्ट्रीटचा बीच आहे. वाळूतून आत जा, वाळूतूनच बाहेर ये. पॉइंटवर पोहणाऱ्यांची जुनी मंडळी भेटतील. त्यांच्याशी ओळख कर आणि पहिला उन्हाळा त्यांच्या मागून पोह.

जीवरक्षक मे अखेरीपासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत, सकाळी 11 ते संध्याकाळी 7 असतात. या वेळेबाहेर पोहायला बंदी आहे आणि ती पाळ. अकराच्या सुमारास पोचलीस तर गर्दीही कमी असते. किनाऱ्यावर झेंडा असतो: हिरवा म्हणजे पोहा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बंद. लाल झेंडा असताना आत गेलेले लोक तुला दिसतील. त्यांच्याकडे बघून ठरवू नकोस.

थंडीबद्दल मात्र जरा थांबून वाच, कारण आपल्याकडच्या माणसाला ती कळत नाही. जूनच्या सुरुवातीला तिथलं पाणी 15 अंशांच्या आसपास असतं, ऑगस्टमध्ये 22-23 वर जातं. पण ऑगस्टमध्येही एका रात्रीत ते एकदम उतरू शकतं. दक्षिणेचा किंवा नैऋत्येचा वारा दोन दिवस टिकला की वरचं उबदार पाणी काठापासून दूर सरकतं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. ऊन कडक, पाणी सपाट, आकाश निळं, आणि पाय घातला तर बर्फासारखं. वरून सगळ्यात सुंदर दिसणारा दिवस असा दगा देतो. म्हणून निघण्यापूर्वी हवेचं नाही, पाण्याचं तापमान बघ. अशा पाण्यात पहिल्यांदा छातीत धस्स होतं, श्वास आपोआप तुटक आणि जोरात यायला लागतो. त्या मिनिटात तोंड पाण्यात असेल तर पाणी आत जातं. कमरेइतक्या पाण्यात उभी राहा, तोंडावर, मानेवर पाणी मार, श्वास ताब्यात आला की मगच पुढे. वेटसूट घे. पश्चिमेचा वारा असेल तर पाणी शांत दिसतं पण तो वारा तुला काठापासून आत लोटत असतो, तेव्हा धक्क्यापासून लांब जाऊ नकोस.

पाऊस पडला की आणखी एक गोष्ट. शिकागोच्या जुन्या गटारांतून पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकत्र वाहतं. सरोवराचं, म्हणजे शहराच्या पिण्याचं पाणी नासू नये म्हणून 1900 मध्ये त्या लोकांनी शहरातल्या नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. पण ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि नदी तुंबली तर मुखाशी असलेले दरवाजे उघडावे लागतात आणि ते पाणी सरोवरात येतं. जुलै 2023 च्या सुरुवातीला असं झालं होतं. पाण्यातल्या जंतूंची तपासणी पूर्वी होई ती आदल्या दिवशीच्या पाण्याची, कारण निकालाला एक दिवस लागे. 2017 पासून शहराच्या किनाऱ्यांवर जलद तपासणी होते आणि निकाल त्याच दिवशी कळतो. तो वाचून जा. मोठ्या पावसानंतर दोन दिवस मी पाण्यात पाय घालत नसे, झेंडा कुठलाही असो.

माँट्रोजसारख्या ठिकाणी लांब धक्के पाण्यात गेले आहेत. त्यांच्या कडेने पोहू नकोस. लाटांचं आदळलेलं पाणी धक्क्याच्या अंगाने आत ओढत जातं. कधी ओढली गेलीस तर काठाकडे झटू नकोस. उताणी हो, तरंग, श्वास घे, ओढ कुठे जाते ते बघ, मग तिला आडवी जाऊन बाहेर ये. आणि वादळ सरल्या सरल्या पाण्याकडे धावू नकोस. 26 जून 1954 ला वादळ शिकागोवरून पुढे निघून गेलं होतं. त्याने लोटलेलं पाणी पलीकडच्या काठावर आदळून परतलं आणि सुमारे 10 फुटांची लाट माँट्रोजच्या धक्क्यावर आली. आठ माणसं वाहून गेली.

एकदा 31 व्या स्ट्रीटच्या बीचवर जा. पोहायलाही ती जागा चांगली आहे, पण मी सांगते ते दुसऱ्या कारणासाठी. 27 जुलै 1919 ला त्याच भागात यूजीन विल्यम्स नावाचा 17 वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर होता. गोऱ्यांचं पाणी इथपासून, काळ्यांचं तिथपर्यंत, अशी कुठेही न आखलेली रेघ होती, आणि तराफा वाहत तिच्या पलीकडे गेला. काठावरच्या एका गोऱ्याने दगड मारले. मुलगा बुडाला. पोलिसाने अटक करायला नकार दिला आणि त्यानंतरच्या दंगलीत 38 माणसं मेली. सुरक्षित पाणी म्हणजे वारा, तापमान आणि जंतू एवढंच धरून मी बसले असते, तर त्या मुलाची आठवण मला ठेवता आली नसती. आपल्याकडे एका तळ्याचं पाणी सगळ्यांना मिळावं म्हणून महाडला काय करावं लागलं ते तुला ठाऊक आहे. आज तू हव्या त्या किनाऱ्यावर तिकिटाशिवाय उतरशील, तेव्हा तिथे कोण कोण उतरू शकत नव्हतं हेही तुला माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

बाकी सामान फार लागत नाही. भडक रंगाची टोपी घाल, कारण होड्यांना काळे केस दिसत नाहीत. कमरेला बांधायचा केशरी फुगा मिळतो, तो घेच. दमलीस तर त्याला धरून तरंगता येतं. बाहेर आल्यावर लगेच ओले कपडे बदल आणि काहीतरी गरम पी. पाण्यातून निघाल्यावरही थोडा वेळ अंग गार होतच राहतं. आणि एकटी कधीच नको.

ताईला मी समजावते. पण जाण्यापूर्वी कुठे आणि कुणाबरोबर ते तिला कळवत जा. तुझे सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात इथले रात्रीचे साडेनऊ, ती जागीच असते. बाहेर आलीस की परत एक ओळ टाक.

तुझी,
मावशी