दुसऱ्या देशातील स्त्रियांसाठी : एलिनॉर रॅथबोन यांचे संसदीय कार्य आणि आपण

उज्जैनपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास आहे. तेथील घाटगे घराण्यातील एक मुलगी १८८५ साली लग्न होऊन बडोद्याला गेली. पुढे ती महाराणी चिमणाबाई गायकवाड म्हणून ओळखली गेली. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी याच चिमणाबाई होत्या. परिषद मुख्यतः स्त्रीशिक्षणाचा विचार करण्यासाठी बोलावली होती. परंतु दहाव्या-बाराव्या वर्षी लग्न होणाऱ्या मुलीला शिकवायचे केव्हा, हा प्रश्न टाळता येणे शक्य नव्हते. साहजिकच बालविवाहाचा प्रश्न परिषदेपुढे आला आणि तिच्या कार्याचा भाग होऊन बसला.

त्याच सुमारास, हजारो मैल दूर लंडनमध्ये, एक इंग्रज विदुषी याच प्रश्नाने अस्वस्थ झाली होती. १९२७ साली प्रसिद्ध झालेले कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक तिने वाचले होते. हिंदुस्थानातील स्त्रियांची दुःखे ब्रिटिश संसदेच्या वेशीवर टांगणे हे आपले कर्तव्य आहे, असे तिला वाटू लागले. या विदुषीचे नाव एलिनॉर रॅथबोन. एका देशाच्या लोकप्रतिनिधीने दुसऱ्या देशातील स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणे कितपत योग्य, आणि ते कोणत्या मार्गाने, या प्रश्नाचा अभ्यास करण्यास रॅथबोनबाईंच्या चरित्राइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

पदवीधरांच्या प्रतिनिधी

रॅथबोनबाईंचा जन्म १८७२ चा. लिव्हरपूलच्या सधन, समाजसेवी घराण्यात त्या वाढल्या. १९०९ साली त्या लिव्हरपूल नगरपालिकेवर निवडून आल्या. तेथे निवडून आलेल्या त्या पहिल्याच स्त्री सदस्य होत. इंग्लंडमधील स्त्रियांना १९१८ मध्ये मर्यादित आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. लगेच १९२९ च्या निवडणुकीत त्या संसदेत गेल्या आणि १९४६ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत तेथे राहिल्या.

त्यांचा मतदारसंघ महाविद्यालयीन वाचकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्लंडमधील अनेक विद्यापीठांच्या पदवीधरांनी मिळून निवडून द्यावयाच्या जागेवर त्या अपक्ष म्हणून उभ्या राहत. आपल्याकडे महाराष्ट्र व कर्नाटक विधान परिषदांत पदवीधर मतदारसंघ आहेत, तशाच स्वरूपाची ही व्यवस्था होती. तिकडे ती पुढे रद्द झाली. पाठीशी पक्ष नाही, म्हणून पक्षादेशाचे बंधनही नाही. अशा सदस्याच्या हाती साधने चारच : प्रश्नोत्तरे, विधेयकावरील दुरुस्त्या, मंत्र्यांना निवेदने आणि सभागृहाबाहेर लोकमत तयार करणे. ही चारही साधने त्यांनी चिकाटीने वापरली. मुलांच्या संगोपनासाठी कुटुंबांना सरकारी भत्ता मिळावा यासाठी त्या पाव शतकाहून अधिक काळ झगडल्या आणि १९४५ मध्ये तसा कायदा झाला. तो भत्ता वडिलांऐवजी आईच्या हाती पडावा, हा त्यांचाच आग्रह होता.

कॅक्स्टन हॉलमधील प्रसंग

ऑक्टोबर १९२९ मध्ये रॅथबोनबाईंनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीविषयी एक परिषद भरवली. तोपर्यंत त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. श्रोत्यांत धन्वंती रामा राव होत्या. त्यांचा जन्म हुबळीचा, काश्मिरी पंडित घराण्यातला. पतीच्या नोकरीनिमित्त त्या त्या वेळी लंडनमध्ये होत्या. आपल्या देशातील सामाजिक दोष दूर करण्याची जबाबदारी ब्रिटिश स्त्रियांनी परस्पर आपल्या शिरावर घ्यावी, या कल्पनेलाच त्यांनी भर सभेत हरकत घेतली. हिंदी स्त्रिया हे काम स्वतः करीत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. हरविलास सारडा यांचे बालविवाह प्रतिबंधक विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळापुढे १९२७ पासून होते. संमतिवयाच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर मोरोपंत जोशी होते. तिच्यात रामेश्वरी नेहरू या सदस्य होत्या. महिला परिषदेच्या कार्यकर्त्या दिल्लीत सभासदांच्या गाठीभेटी घेत होत्या. लंडनची परिषद भरण्याच्या थोडेच दिवस आधी, सप्टेंबर १९२९ मध्ये, विधेयक संमत झाले होते. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले होते.

असे असले तरी रॅथबोनबाईंची टीका सर्वस्वी चुकीची होती असेही म्हणता येणार नाही. कायदा अमलात येण्याची तारीख १ एप्रिल १९३० ठेवली गेली. मधल्या सहा महिन्यांत देशभर बालविवाहांची घाई उडाली. पोलिसांना आपण होऊन खटला भरता येत नव्हता. कोणी खाजगी माणसाने फिर्याद द्यावी, तीही वर्षाच्या आत. शिवाय त्याच्याकडून शंभर रुपयांपर्यंत जामीन घेण्याची तरतूद होती. गावात राहून शेजाऱ्याविरुद्ध पदरचे पैसे घालून कोण फिर्याद देणार? १९३४ साली बालविवाहावर लिहिलेल्या पुस्तकात रॅथबोनबाईंनी कायद्याच्या या दुबळेपणावर नेमके बोट ठेवले आणि ब्रिटिश सरकारच्या उदासीनतेलाही दोष दिला.

आणखी एक मर्यादा आपल्या परिसराला लागू होती. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. उज्जैन त्या वेळी ग्वाल्हेर संस्थानात होते. त्यामुळे आखातीजेच्या मुहूर्तावर माळव्यातील खेड्यांत होणाऱ्या लग्नांपर्यंत हा कायदा पोहोचत नव्हता. उलट बडोदे संस्थानाने १९०४ सालीच बालविवाहास आळा घालणारा स्वतःचा कायदा केला होता. पुरोगामी पाऊल नेहमी लंडनहूनच यावे लागते ही समजूत खरी नाही, हे एवढ्यावरून दिसून येईल.

केनियातील धडा

रॅथबोनबाईंची दृष्टी हिंदुस्थानापुरती नव्हती. ११ डिसेंबर १९२९ रोजी त्यांनी आणि हुजूर पक्षाच्या सदस्य डचेस ऑफ अ‍ॅथॉल यांनी केनियातील किकुयू समाजाचा प्रश्न सभागृहात मांडला. मुलींच्या गुप्तांगाचा छेद करण्याची रूढी त्या समाजात होती. तिच्यामुळे होणाऱ्या यातना व पुढे बाळंतपणात उद्भवणारे धोके यांकडे दोघींनी लक्ष वेधले. ज्या विषयाचा उच्चारही त्या काळी सभ्य समाजात होत नसे, तो संसदेत बोलण्यास धैर्य लागले असणार.

परंतु केनियातील घटना वेगळ्या वळणाने गेल्या. तेथील स्कॉटिश मिशनने ही रूढी सोडण्याची प्रतिज्ञा आपल्या अनुयायांकडून मागितली. त्याच गोऱ्या सत्तेने किकुयूंच्या जमिनी घेतल्या होत्या. तेव्हा लोकांना या प्रतिज्ञेत दयेपेक्षा सत्तेचा वासच अधिक आला. पुष्कळांनी मिशनच्या शाळा व चर्च सोडून स्वतंत्र शाळा काढल्या. रूढी राष्ट्राभिमानाचे चिन्ह बनली. जोमो केन्याटा यांनी १९३८ च्या आपल्या पुस्तकात तिचे समर्थन केले. या साऱ्या वादात किकुयू स्त्रीचा स्वतःचा आवाज फारसा ऐकू आला नाही. या प्रथेवर बंदी घालणारा व्यापक कायदा केनियाच्या स्वतःच्या संसदेने २०११ साली केला.

मताधिकाराचा प्रश्न

जानेवारी १९३२ मध्ये रॅथबोनबाई हिंदुस्थानात आल्या. येथील कार्यकर्त्यांना त्या भेटल्या, त्यांच्याशी पुढे पत्रव्यवहार ठेवला, आणि त्यांच्या कामाचे स्वरूप पालटले. या काळात मताधिकाराचा प्रश्न ऐरणीवर होता. मताधिकार मालमत्तेवर अवलंबून, आणि मालमत्ता तर पुरुषाच्या नावे. म्हणून मतदार पुरुषाच्या पत्नीलाही मत द्यावे, आणि कायदेमंडळांत स्त्रियांसाठी काही जागा राखाव्यात, अशी सूचना पुढे आली. रॅथबोनबाईंना ती व्यवहार्य वाटत होती. उलट महिला परिषदेसारख्या प्रमुख संघटनांचे म्हणणे असे, की पत्नी म्हणून मिळणारे मत आम्हांस नको; आम्हांस नागरिक म्हणून, प्रौढ मताधिकाराने मत हवे. राखीव जागाही नकोत. राधाबाई सुब्बरायन यांच्यासारख्या काही स्त्रियांचे मत मात्र राखीव जागांना अनुकूल होते.

मतभेद राहूनही रॅथबोनबाईंनी एक गोष्ट केली. पत्नी म्हणून मत मिळू शकणाऱ्या स्त्रीने त्यासाठी स्वतः अर्ज करावा, अशी अट १९३३ च्या श्वेतपत्रिकेत होती. पडद्यातल्या निरक्षर स्त्रीला मताधिकार कागदावर देऊन प्रत्यक्षात काढून घेण्याचाच हा प्रकार होता. येथील संघटनांचाही या अटीला विरोध होता. तो विरोध रॅथबोनबाईंनी संसदेत व समित्यांपुढे लावून धरला. १९३५ च्या कायद्याने साठ लाखांवर स्त्रिया मतदार झाल्या आणि प्रांतिक कायदेमंडळांत स्त्रियांसाठी ४१ जागा राखल्या गेल्या. १९३७ च्या निवडणुकांनंतर मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपसभापतिपदी अनसूयाबाई काळे आल्या आणि मुंबई विधान परिषदेत हंसाबाई मेहता गेल्या.

चुकांपासून रॅथबोनबाई पुढेही मुक्त नव्हत्या. १९४१ साली, महायुद्धात सहकार्य न करणाऱ्या हिंदी नेत्यांना उद्देशून त्यांनी एक अनावृत पत्र लिहिले. अंथरुणाला खिळलेल्या रवींद्रनाथांनी त्याला दिलेले सडेतोड उत्तर प्रसिद्धच आहे.

रखमाबाईंचे उदाहरण

मग परदेशातील व्यासपीठाचा आधार घेणे हेच मुळी त्याज्य काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात सापडते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये त्यांच्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लागला. मार्च १८८७ मध्ये पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दर्शवली. त्याआधी ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली होती, आता त्यांनी थेट लंडनच्या ‘टाइम्स’ला लिहिले. पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. इंग्लंडला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असा पक्ष टिळकांनी घेतला. स्वाभिमानाच्या दृष्टीने तो समजण्याजोगा आहे. पण १८९० साली बंगालमध्ये दहा-अकरा वर्षांच्या एका विवाहित मुलीचा पतीच्या हातून मृत्यू झाला होता. तिच्या दृष्टीने घर कोणाचे होते? ‘आमचा घरगुती प्रश्न’ असे म्हणणारा सामान्यतः तो असतो, ज्याला त्या घरात बोलण्याचा अधिकार आहे. रखमाबाईंनी परक्यांचे वृत्तपत्र वापरले. परंतु लेखणी त्यांच्या स्वतःच्या हातात होती. कॅक्स्टन हॉलमध्ये नेमकी तीच कोणाच्या हाती आहे, याबद्दल वाद झाला. तेव्हा मदत देशी की विदेशी हा प्रश्न दुय्यम होय. जिचा हक्क, तिचे म्हणणे त्यात आहे की नाही, हा मुख्य.

उलट दिशेचा प्रवास

या कथेचा पुढचा भाग आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. हंसाबाई मेहता यांचे वडील मनुभाई मेहता हे बडोद्याचे दिवाण. ज्या बडोद्यात देवासच्या चिमणाबाईंनी स्त्रीशिक्षणाचे काम केले, तेथेच हंसाबाईंचे शिक्षण झाले. महिला परिषदेच्या अध्यक्षपदीही त्या आल्या. १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत बोलताना, स्त्रियांनी राखीव जागा मागितलेल्या नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकेल असा इंग्रजी शब्दप्रयोग होता. त्याचा आधार घेऊन काही देश स्त्रियांना वगळतील, हे ओळखून त्यांनी तेथे ‘सर्व मानव’ अशा अर्थाचा शब्द घालण्याचा आग्रह धरला. डिसेंबर १९४८ मध्ये स्वीकारलेल्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात तोच शब्द आहे. ज्यांच्यावतीने वीस वर्षांपूर्वी इतर बोलत होते, त्यांच्यातीलच एक आता जगातील साऱ्या स्त्रियांसाठी बोलत होती. आणि तिने कोणत्याही एका देशाच्या स्त्रियांना दीन ठरवले नाही. सर्वांना लागू होणारा नियम मागितला, तिच्या स्वतःच्या देशालाही.

समारोप

रॅथबोनबाईंच्या कार्यापासून काही कसोट्या निघतात. ज्या स्त्रियांसाठी आपण बोलतो, त्यांनी स्वतः काय मागितले आहे ते आपण वाचले आहे काय? आपल्या बोलण्याने त्यांचे बळ वाढेल, की त्यांच्या विरोधकांना राष्ट्राभिमानाचे हत्यार मिळेल? आणि जो नियम त्यांच्या देशाला लावतो, तो आपल्या घरी लावण्यास आपण तयार आहोत काय?

आपल्या महाविद्यालयांतील वादसभांत परदेशातील स्त्रियांचे प्रश्न वरचेवर येतात. अफगाणिस्तानात २०२१ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठे बंद करण्यात आली, तेव्हा आपल्याकडील तरुण मनेही व्यथित झाली. व्यथित होणे योग्यच आहे. परंतु ठराव लिहावयास बसण्यापूर्वी तेथील स्त्रियांनी स्वतः लिहिलेले चार शब्द मिळवून वाचावेत, आणि आपल्याच तालुक्यात या वर्षी किती मुलींची शाळा लग्नामुळे सुटली, याचीही चौकशी करावी. रॅथबोनबाईंना हिंदुस्थान पाहिल्यानंतर जे उमगले, ते आपल्याला आधीच ठाऊक असण्यास काही हरकत नाही.