धोतरा : परिचय व दक्षता

गावकुसालगत, उकिरड्यावर व पडीक जमिनीत धोतरा आपोआप उगवतो. कर्ण्यासारखे फूल व काटेरी बोंड ही त्याची खूण होय. महाशिवरात्रीस हीच बोंडे शंकरास वाहतात. त्यामुळे ती मुलांच्या हाती सहज येतात.

धोतऱ्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, ॲट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण झाडागणिक भिन्न असल्याने 'थोडे खाल्ल्यास चालते' हा समज घातक आहे. विष पोटात गेल्यावर बहुधा काही तासांच्या आत तोंडास कोरड पडते, त्वचा लाल व शुष्क होते, ताप चढतो, नाडी जलद चालते आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. मूल असंबद्ध बडबडते, नसलेल्या वस्तू पाहते, हवेतील अदृश्य धागे वेचू लागते. प्रसंगी बेशुद्धी येऊन मृत्यूही ओढवतो.

ही लक्षणे पाहून 'बाहेरची बाधा' समजून मुलास भगताकडे नेल्यास मोलाचा वेळ जातो. भ्रमाबरोबर कोरडे तोंड व विस्फारलेल्या बाहुल्या दिसल्यास शिक्षकांनी विषबाधेचा संशय धरावा. मुलास एकटे सोडू नये, ओकारी करवू नये, घरगुती उतारा देऊ नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व खाल्लेले बोंड वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवावे.

परिसर अभ्यासाच्या तासास हे झाड दुरूनच दाखवून त्याची ओळख द्यावी. शिक्षकांनी पालकसभेतही हा विषय अवश्य मांडावा.